‘बंद’ कोण दाबणार?

फुकट वस्तूला बँकखात्याचा क्रमांक कशाला लागतो? भिंतीवरच्या पडद्यासमोर ऊर्वी याच कोड्यात पडली होती.

पडद्यावर एक विक्रेती हसत होती. बाबांच्या जुन्या ध्वनिफिती दिल्या, की तिची कंपनी बाबांच्या आवाजात बोलणारं यंत्र देणार होती. पहिला महिना फुकट. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ‘ऊर्वे’ अशी हाक तेव्हापासून कुणी मारली नव्हती. तिनं खाऊच्या खात्याचा क्रमांक टाकायला बोट उचललं.

“घाई बघा बाईसाहेबांची,” मटार सोलता सोलता ठमा म्हणाली. ठमा म्हणजे त्यांचा घरकाम्या यंत्रमानव. “महिना संपल्यावर काय?”

“सोडून देईन.”

“तसं नसतं. याला आपोआप नूतनीकरण म्हणतात (मुदत संपली, की न विचारता पुढचे पैसे कापणे). तू गप्प बसलीस, की तुझा होकार धरतात. थांबवायचं तर तूच ‘बंद’ दाबायचं.”

“मग दाबीन.”

ठमाचे हात थांबले. “बाबा ‘ऊर्वे, जेवलीस का’ विचारत असताना?”

ऊर्वी गप्प झाली. कंपनीचा सगळा भरवसा याच गप्प बसण्यावर होता.

“म्हणून सुरू करण्याआधीच विचारायचं,” ठमा म्हणाली. “नंतर किती, बंद कसं करायचं. ते लेखी मिळेपर्यंत क्रमांक द्यायचा नाही.”

बाबा हेच करायचे. रिक्षात पाय ठेवण्याआधीसुद्धा. ऊर्वी लाजून त्यांची बाही ओढायची.

ती पडद्याकडे वळली. “सगळं मिळून किती, काकू? नंतर काही निघणार नाही ना?”

“ते पुढच्या पानावर आहे, बाळा. आधी क्रमांक...”

“आधी पान दाखवा.”

पान उघडलं. तळाशी बारीक अक्षरांत होतं : बंद करायचं, तर दोन महिने आधी कळवावं. फुकट महिना तर एकच होता.

“मग नको,” ऊर्वी म्हणाली. तिनं बोट मागे घेतलं. पडदा विझला.

ती ठमाकडे वळली. “ठमे, बाबांची बाजारातली फीत लाव ना. ती आपलीच आहे.”

खरखर झाली. “सगळं मिळून किती?” बाबा विचारत होते. “बाबा, चला ना,” छोटी ऊर्वी कुरकुरली, आणि बाबा हसले. हसू तिथंच संपलं. पुढचं बोलायला बाबा नव्हते.

ऊर्वी ठमाजवळ मटार सोलायला बसली.

“मोठेपणी मी असं यंत्र करीन. महिना संपला, की ते स्वतःच विचारेल, ‘थांबू का?’”

“कुणी उत्तरच दिलं नाही तर?”

“तर थांबायचं,” ऊर्वी म्हणाली. “गप्प बसलेल्या माणसाचा नकार धरायचा.”