चुगली आणि चार आकड्यांची रेघ

अकरा वर्षांच्या पोरीला जे पाच दिवसांत जमलं, ते उभं आयुष्य स्नायूंच्या अभ्यासात घालवलेल्या शास्त्रज्ञाला का जमू नये? या कोड्यापायी आजोबांची झोप उडाली होती. उत्तर फक्त चारुताला, त्यांच्या नातीला ठाऊक होतं आणि ते सांगायची तिची हिंमत होत नव्हती.

ही गोष्ट २०६१ सालातली. तोवर नाशिकचे ढोल निम्म्याने हलके झाले होते, पण ते बांधायची कंबर होती तशीच राहिली होती. सरावात चारुताची कंबर धरली. ढोलपथकाच्या ताईंनी साफ सांगितलं, कंबर सावरल्याचा दाखला आण, तरच यंदा ढोल मिळेल.

आजोबांनी दुखऱ्या कमरेसाठीच एक चपटी, हवेची उशी बनवली होती. गुडघे उभे करून उताणं झोपायचं, उशी कमरेखाली सारायची आणि एक पाय अलगद उचलायचा. कंबर जरा हलली की उशीतला दाब बदलतो आणि समोरच्या भिंतीवर उमटणारी रेघ वाकडी होते. दहा आकडे मोजेपर्यंत रेघ सरळ राहिली की झालं. याला म्हणतात जैवप्रतिसाद (आपल्या शरीरात आत काय चाललंय, ते त्याच क्षणी आपल्यालाच दाखवणं). आळशी स्नायूंची लगेच तक्रार करते म्हणून आजोबांनी उशीचं नाव ठेवलं होतं चुगली.

चार दिवस चारुताची रेघ वाकडीच येत राहिली. पाचव्या दिवशी बाईसाहेबांनी काय करावं? फ्रॉकच्या आडून मूठ उशीखाली सारली. रेघ घसरायला लागली की मूठ हळूच वर रेटायची. रेघ अशी आली, जणू पट्टीने आखलेली. आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दाखल्यावर सही केली.

आता गंमत बघा. आजोबांची स्वतःची कंबरही दुखायची. त्यांनी नातीची रेघ भिंतीवर लावली आणि आपली रेघ तिच्यावर बसवायचा चंग बांधला. श्वास कोंडून, दात आवळून, टाच जमिनीत रोवून. तिसऱ्या दिवशी चारुता शाळेतून आली, तर आजोबा टेबलाचा पाय धरून जमिनीवर बसलेले. त्यांना उठता येत नव्हतं.

सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात चाळीस चुगल्या जायच्या होत्या. त्या आता पाठवायच्या नाहीत, असं ते खालमानेने म्हणाले. "मलाच जमत नाही, तर लोकांना काय शिकवू? लाज वाटते गं."

चारुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटायला हवी होती कुणाला आणि वाटत होती कुणाला! तिने दप्तरातून दाखला काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"आजोबा, मी माझीच चुगली करते," ती म्हणाली आणि मुठीचं सगळं सांगून टाकलं.

आजोबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दाखला उचलून त्यावरची आपलीच सही पाहिली. मग म्हणाले, चूक माझीही आहे. रेघ सरळ दिसली, पण ती कशाने सरळ झाली, हे मी पाहिलंच नाही.

मग त्यांनी समजावलं. पोटात खोलवर एक रुंद स्नायू पट्ट्यासारखा पार कमरेपर्यंत गेलेला असतो. हातपाय हलायच्या आधीच तो हळूच आवळतो आणि कण्याला आधार देतो. दुखऱ्या कमरेत तो बहुतेकदा उशिरा जागा होतो. त्याला जागं करायला जोर लागत नाही. श्वास चालू ठेवायचा आणि लेंग्याची नाडी जरा ओढावी, तेवढंच बेंबीखालचं पोट आत घ्यायचं.

दोनतीन दिवस विश्रांती घेऊन दोघं शेजारीशेजारी आडवे झाले. चारुताने दोन्ही हात छातीवर ठेवले. रेघ चार आकडे टिकली आणि वाकडी झाली. आजोबांची तीनच टिकली.

"चुगली खरं बोलते म्हणायची. पाठवायला हरकत नाही," आजोबा हसले.

दुसऱ्या दिवशी चारुताने सगळ्यांसमोर ताईंना खरं सांगितलं. बोलताना तिचे कान लाल झाले होते. ढोल गेला. यंदा हातात झांज आली.

सोमवारी चाळीस चुगल्या दवाखान्यात गेल्या. प्रत्येकीसोबत एक नमुन्याची रेघ होती आणि खाली लिहिलं होतं: चारुता, वय अकरा, चार आकडे. तसं नावानिशी छापा, असं तिनेच आजोबांना सांगितलं होतं. छापून येईपर्यंत ती सहा आकड्यांवर पोचली होती, पण नव्या माणसाला चार बघूनच धीर येईल, म्हणून तिने ते बदलू दिलं नाही.