तडकलेल्या कपकेकची फीत

माणसाला काही रीतभात असावी की नाही? परक्या दुकानात मागच्या दाराने शिरायचं, "येऊ का" म्हणून विचारायचं नाही, टोपीवर साचलेलं धुक्याचं पाणी पुसलेल्या लादीवर झटकायचं, आणि मग... इथे हेर्मेलिंदाचा श्वासच अडकला... मिश्रणाच्या भांड्यात सरळ बोट बुडवून चाटायचं!

तिचा नवरा निकानोर, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, त्याची सुद्धा अख्ख्या संसारात एवढी छाती झाली नव्हती. आणि हा कोण कुठला उपटसुंभ, बोट चाटून वर म्हणतो काय —

"छान आहे, सेन्योरा. पण यात कापितानची चव कुठे लागत नाही."

हेर्मेलिंदाच्या हातातली लाकडी पळी हवेतच राहिली.

"कोण तुम्ही?"

"तेओफिलो. नाक्यावरच्या बारमध्ये पेयं बनवतो. मिलुस्काने बाटल्या पोचवायला सांगितल्या."

"बाटल्या ठेवा. बोट घ्या, आणि चालते व्हा."

"बोट घेऊनच जातो. इथे ठेवून कसं चालेल?" तो हसला. पन्नाशी उलटलेला माणूस, मिशा पांढऱ्या, पण हसू अगदी शाळेतल्या मुलाचं. दारापर्यंत गेला आणि थबकला. "एक विचारू? रागावू नका... कापितान कधी प्यायलात तुम्ही?"

हेर्मेलिंदाने तोंड उघडलं. शब्द आला नाही! लिमा शहरातला सगळा माग्दालेना मोहल्ला तिला आदराने 'दोन्या हेर्मेलिंदा' म्हणायचा, तेसुद्धा रस्त्यात जरा बाजूला सरून. तिला उत्तर सुचलं नाही असं कुणी आजवर पाहिलं नव्हतं. नशीब, दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

मुळात हे खूळ तिच्या भाचीचं, मिलुस्काचं. "मावशी, माझ्या लग्नात मोठा केक नको. जुन्या जमान्यातल्या बारसारखी पार्टी करायचीय. बायका हातमोजे घालून येणार, पुरुष हॅट घालून. आणि टेबलावर आपली जुनी पेयं... पण कपकेकच्या रूपात! पिस्को सावर, चिल्कानो, कापितान, आल्गारोबिना."

"लग्नात केक नाही?" हेर्मेलिंदाने छातीवर क्रूसाची खूण केली. "मग पोरी फिती कुठून ओढणार?"

लग्नाच्या केकखालून फिती लोंबतात, एकेक कुमारिका एकेक फीत धरते आणि सगळ्या एकदम ओढतात. कुणाच्या फितीला बटण निघतं, कुणाच्या शिवणाचं टोपण, कुणाच्या इवलीशी किल्ली. एकीच्या फितीला अंगठी निघते, आणि पुढचं लग्न तिचं! हे नसेल तर लग्न कसलं, नुसती जेवणावळ. शेवटी तोडगा निघाला. कुमारिकांच्या ताटातल्या कपकेकच्या पोटात वस्तू घालायच्या आणि प्रत्येकाला वेगळी फीत लावायची. अंगठीचा कपकेक हेर्मेलिंदा आपल्या लेकीच्या, येसेनियाच्या पुढ्यात ठेवणार हे तर ठरलेलंच. त्याला ती लबाडी म्हणत नसे. देवाला थोडी मदत म्हणे.

अडचण एवढीच की बारची पायरी ती आयुष्यात चढली नव्हती. नवरे हरवायची जागा ती! चव ठाऊक नाही तर कपकेकमध्ये उतरवणार कशी?

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या खेपेला दार वाजवून. एका हातात बर्फ, दुसऱ्या हातात लिंबं.

"मी बोलावलं नव्हतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर दार वाजवलं."

तिच्याच टेबलावर त्याने पिस्को, म्हणजे द्राक्षांची कडक दारू, ओतली, लिंबू पिळलं, अंड्याचा पांढरा बलक घातला आणि सगळं असं घुसळलं की भांडी लाजून बाजूला व्हावीत. वर पांढराशुभ्र फेस, फेसावर कडू अर्काचे थेंब. पेला पुढे सरकवला. हेर्मेलिंदाने डोळे गच्च मिटून, औषध घ्यावं तसा घोट घेतला.

डोळे उघडले तेव्हा ते एवढाले झाले होते.

"हे... हे तर चांगलं लागतंय!"

"मग काय वाटलं होतं, पेट घेईल?"

"सकाळी सकाळी माझ्याशी थट्टा नको." तिने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. "आधी आंबट लागतं... मग गोड. मग मागून कुणीतरी हळूच धक्का दिल्यासारखं..."

"तो धक्काच भट्टीत उडून जातो, सेन्योरा."

"भट्टीचं मला शिकवू नका! पिस्को मिश्रणात घालायचीच नाही. पाक करायचा, आणि कपकेक गरम असतानाच त्याला पाजायचा."

आता थक्क व्हायची पाळी त्याची होती. संध्याकाळी तिने केलेला कपकेक त्याने खाल्ला, आणि कितीतरी वेळ डोळेच उघडले नाहीत. मिशीला फेस लागला होता. हेर्मेलिंदाचा हात आपसूक फडक्याकडे गेला... आणि तिने तो तव्यावरून ओढावा तसा मागे घेतला. अगं बाई! हा हात कुणाचा?

मग तो चिल्कानोचं आलं घेऊन आला. मग दालचिनी आणली. मग आल्गारोबिनाचा काळा, दाट पाक. बाहेर लिमाचं ते भुरभुरं धुकं, ना धड पाऊस ना धड कोरडं, आणि आत भट्टीची ऊब. तो कपकेकच्या पोटात वस्तू भरायला शिकला. तिच्या शिव्या खायलाही शिकला.

"केवढं भोक पाडलंत! बटण घालायचंय, बिशप नाही!"

"हात थरथरतो. तुम्ही फार जवळ उभ्या आहात."

"मग डोळे तिकडे करा."

"डोळे तर कधीच ऐकत नाहीत माझं..."

भट्टीतून काढताना एखादा कपकेक हमखास तडकायचा. तो विकायचा नाही, पाहुण्यांपुढे ठेवायचा नाही. सगळं आटोपलं की हेर्मेलिंदा तो उभ्या उभ्या खायची. तेच तिचं जेवण, तीच तिची मेजवानी. तेओफिलोने ते पाहिलं. लक्षात ठेवलं.

एके दिवशी तो रिकाम्या हातांनी आला.

"आज काय आणलंत?"

"आज... काही नाही." त्याने टोपी हातात गोल फिरवली. "आज नुसताच आलो."

हेर्मेलिंदाने पळी भांड्यावर आपटली. कारण ती त्याची वाट पाहत होती, आणि हे तिला त्याच क्षणी कळलं. तिने निकानोरला पुरलं त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळ्यांना ऐकवलं होतं, "आता या हेर्मेलिंदाच्या टेबलावर दुसरा पुरुष बसणार नाही!" शेजारीण ओब्दुलिया तिथेच उभी होती. ओब्दुलियाने ऐकलं म्हणजे चर्चची घंटाच वाजली म्हणायची. सत्तरीची सेन्योरिता, जन्मभर कुमारिका, साऱ्या मोहल्ल्याची कान-डोळे-जीभ. हेर्मेलिंदाने आपला शब्द गिळला तर हीच आधी फिदीफिदी हसणार, आणि मग सगळं गाव. उपाशी राहणं तिला चाललं असतं. हसं झालेलं नाही.

"नुसतं यायला हे काय बाग आहे?" ती फणकारली. तो गेला. त्या रात्री तिने पाकात साखरेऐवजी मीठ घातलं.

लग्नाच्या दुपारी चर्चचं सभागृह हॅट आणि हातमोज्यांनी गजबजलं होतं. टेबलावर कपकेक असे मांडले होते की लोक आधी बघत राहिले, मग तुटून पडले. तेओफिलो काळा कोट घालून कोपऱ्यात पेयं बनवत होता. हेर्मेलिंदाने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते ती सारखं सारखं पाळत होती.

फितींचं ताट निघालं. येसेनियाच्या पुढ्यात ठरलेला कपकेक. तेवढ्यात ओब्दुलिया हातमोजे सावरत रांगेत येऊन उभी राहिली.

"मीही कुमारिकाच आहे की! का, वयाची अट आहे?"

पोरी हसल्या. ती प्रत्येक लग्नात उभी राहायची आणि प्रत्येक लग्नात तिला बटण नाहीतर टोपण मिळायचं. पण आज कपकेक एकाने कमी पडला. मिलुस्का नवरीच्या झग्याचा घोळ सावरत आत स्वयंपाकघरात पळाली आणि हातात एक घेऊन आली. "हा आत राहिला होता, मावशी. फीतसुद्धा लावलेली आहे!"

हेर्मेलिंदाच्या कपाळाला आठी पडली. आत? फीत लावलेला? पण गिटारवाल्यांनी ठेका धरला होता, सगळे ओरडत होते, आणि पोरींनी फिती ओढल्या.

"अंगठी!" येसेनिया म्हणाली. मग आईकडे बघून डोळे फिरवले. "काय आश्चर्य आहे बाई..."

"अंगठी!" दुसरा आवाज आला. चिरका, घाबरलेला. ओब्दुलियाचा.

दोन अंगठ्या? एका लग्नात दोन? कुणाच्या बाप-आज्यानेही असं पाहिलं नव्हतं. गिटार थांबली. नवरदेवाच्या हातातला घास हातातच राहिला.

हेर्मेलिंदाने स्वतः एकच अंगठी घातली होती, बाजारातली, पत्र्याची. ओब्दुलियाच्या बोटांत होती ती चांदीची होती. बारीक, जुनी, घासून गुळगुळीत झालेली. हेर्मेलिंदाची नजर गर्रकन कोपऱ्यात गेली. तेओफिलोचा चेहरा पिस्को सावरच्या फेसासारखा पांढराफटक पडला होता.

आणि मग ओब्दुलिया रडायला लागली. हसली असती तर हेर्मेलिंदाला झेपलं असतं. ओब्दुलिया धावत आली आणि हेर्मेलिंदाच्या गळ्यात पडली.

"तूच ना गं? माझ्यासाठी घातलीस ना? सगळे हसतात मला... मला ठाऊक आहे. पण तू वरून काटेरी, आणि आतून..." ती आपला हात दिव्याकडे धरून बघत राहिली, सोळा वर्षांच्या पोरीसारखी.

हेर्मेलिंदाला जमीन दुभंगावी असं वाटलं. तिने तेओफिलोची बाही धरली आणि त्याला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"बोला! ती अंगठी कुणाची?"

"माझ्या आईची."

"ती कपकेकमध्ये कशी गेली?"

"तो कपकेक... तडकलेला होता." तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही सगळ्यांच्या फिती बांधता. तुम्हाला ओढायला कुणी ठेवत नाही. मला वाटलं, सगळे गेले की तुम्ही खाल... एकट्याच. फीत ओढाल. आवडलं नाही तर अंगठी ओट्यावर ठेवून द्याल, मी मुकाट्याने उचलीन... कुणाला कळणार नाही, कुणी हसणार नाही. एवढंच."

हेर्मेलिंदा पिठाच्या डब्यावर मटकन बसली. या माणसाला तिची भीती ठाऊक होती. तिने कधी सांगितली नव्हती, आणि त्याला ठाऊक होती!

"मूर्ख माणसा," ती कशीबशी म्हणाली. "जा, मागून घ्या. आईची म्हणून सांगा. चूक झाली म्हणावं."

त्याने दार जरासं उघडलं. बाहेर ओब्दुलिया एकेका टेबलाशी जाऊन हात दाखवत होती, आणि आज तिला कुणी हसत नव्हतं.

"बघा तिच्याकडे," तो हळूच म्हणाला. "जन्मभर फिती ओढल्या तिने. मी नाही मागणार. तिने ओढली, तिची झाली. आई असती तर तीही हेच म्हणाली असती."

"आणि तुम्ही? तुमच्या हातात काय राहिलं?"

"माझ्या?" तो ओशाळवाणं हसला. "मी आपला पुन्हा नुसताच येत जाईन... तुम्ही येऊ दिलंत तर."

हेर्मेलिंदा उठली. गालावर काहीतरी ओलं लागलं, आणि त्याचा धक्का तिला त्या दोन अंगठ्यांपेक्षाही मोठा बसला. निकानोर गेला तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती. तिने डोळे पुसले नाहीत. तशीच दार ढकलून सभागृहाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मागून तेओफिलो आला, काय होतंय ते न कळून.

"गिटार थांबवा!"

गिटार थांबलेलीच होती, पण कुणाची सांगायची हिंमत झाली नाही. येसेनिया आ वासून बघत होती. ओब्दुलियाने कान टवकारले. हेर्मेलिंदा त्याच्याकडे वळली, आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"तेओफिलो, तुझ्याएवढा मूर्ख माणूस मी जन्मात पाहिला नाही. आईची अंगठी गमावतोस आणि वर हसतोस! असल्या माणसाला एकट्याला मोकळं सोडणं मला बरं दिसत नाही. म्हणून मी ठरवलंय, माझ्याशी लग्न करायचं, अंगठीवाचून. आता आ वासून उभा राहू नकोस. हात धर आणि नाचायला चल... या सगळ्यांना हसायचंय, त्यांना पोटभर हसू दे!"