त्यांच्या पश्चात

लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन येणारी माणसं दोन प्रकारची असतात. 'मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला' म्हणणारी, आणि खरं बोलणारी. दुसऱ्या प्रकारातलं माणूस तिने सात वर्षांत पाहिलं नव्हतं. एका करड्या, चिंब मंगळवारी ते छत्री मिटत तिच्या दुकानात शिरलं.

"माझ्यामुळेच बंद पडला," तो म्हणाला. "रागाच्या भरात झाकण आपटलं."

"राग कसला?"

"एक गृहस्थ मरत नव्हते."

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. दारापर्यंत वाट मोकळी आहे ना, तेही पाहून घेतलं.

"मी वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहितो," त्याने घाईघाईने खुलासा केला. "नामवंत माणूस आजारी पडला की लेख आधीच तयार ठेवायचा असतो. हे गृहस्थ तीनदा गेले आणि तीनदा परत आले. तीनदा पान लावलं, तीनदा मोडलं."

"आता कसे आहेत?"

"ठणठणीत. काल फिरायला गेले होते."

तिने लॅपटॉप उलटा केला. अकरा वर्षांचा, कडांचा रंग उडालेला, एका बिजागरीला चिकटपट्टी.

"याचाही लेख लिहून ठेवा."

"ठेवलाय. पण तो यातच आहे."

ती हसली. हसण्याआधी तिने वर छताकडे पाहिलं, तेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. तशी ती बऱ्याच दिवसांनी हसली होती. माडीवर तिचे बाबा अंथरुणाला खिळले होते, आणि पावसाळा निघाला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. पावसाळ्याचे दोन महिने उरले होते. जगात तिचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं.

तिने बॅटरी काढली, आत साठलेली वीज निघून जावी म्हणून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळकरी खोडरबराने घासली, परत बसवली, बॅटरीही लावली. पंखा घरघरला. निळा दिवा लागला. स्क्रीन मात्र काळीठिक्कर.

"श्वास चालू आहे, शुद्ध नाही," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "हे वाक्य... मी वापरलं तर चालेल?"

बुधवारी तो चौकशीला आला. गुरुवारीही आला. फोन नावाची सोय आहे, याची तिने आठवण करून दिली.

"फोनवर तब्येतीचा अंदाज येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला आणि स्टुलावर बसला.

कचेरीत त्याला सगळे 'चित्रगुप्त' म्हणत. त्याने ते सांगून टाकलं आणि तिनेही तेच नाव धरलं. ती काढलेले स्क्रू डब्याच्या झाकणात ओळीने मांडायची, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. तो एकेक उचलून तिच्या तळहातावर ठेवायचा. स्क्रू तांदळाएवढा, त्यासाठी बोटं इतका वेळ रेंगाळायचं खरं तर काही कारण नव्हतं... पण पाऊस पडत होता, आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ती स्वतःला दोनदा निरखायला लागली. दुकानात आरसा नव्हता, पण बंद पडलेल्या स्क्रीन चिक्कार होत्या.

शुक्रवारी वरून काठीचे चार ठोके आले.

"दोन म्हणजे पाणी, तीन म्हणजे औषध," ती म्हणाली.

"आणि चार?"

"चार आजवर कधी पडले नव्हते. बहुधा, 'कोण आलंय?'"

शनिवारी भर दुपारी आभाळ इतकं काळवंडलं की समोरची भिंत दिसेना. त्यात वीज गेली; लॅपटॉपचा पंखा तेवढा बॅटरीवर घरघरत राहिला. झाकणातला एक स्क्रू घरंगळला, म्हणून तिने टॉर्च पेटवला. उजेडाचा तिरपा पट्टा जाता जाता स्क्रीनवर पडला आणि ती थबकली.

काळोखात अक्षरं होती. राखेखालच्या निखाऱ्यासारखी, पुसट.

"अहो... हा सुरू आहे! तुम्ही झाकण आपटलंत ना, त्यात स्क्रीनमागचा दिवा तेवढा गेलाय. मंगळवारपासून बिचारा चालूच आहे, अंधारात."

दोघं वाकली. त्याच्या ओल्या शर्टाचा वास तिच्या अगदी जवळ आला. तिने टॉर्च पडद्याच्या तळाशी धरला. नावांची यादी होती. उजेड खालून वर सरकवत ती नावं वाचू लागली.

"ही सगळी माणसं...?"

"जिवंत आहेत. प्रकृतीच्या क्रमाने लावलीत. ज्यांची जास्त बिघडलीय ती वर."

सगळ्यात वरच्या ओळीवर तिचा हात थांबला. मग टॉर्च विझला.

"हे माझे बाबा आहेत."

तो एक पाऊल मागे सरला.

"मला... खरंच माहीत नव्हतं. कचेरीत नाव आणि तब्येत कळते. घर कळत नाही."

"माणूस वर श्वास घेतोय," तिचा आवाज चिरकला, "आणि तुम्ही शुद्धलेखन तपासून मोकळे! घेऊन जा हा. झाला तेवढा दुरुस्त पुरे."

त्याने लॅपटॉप उचलला. छत्री घेतली. दारापाशी पोचला, तोच वरून चार ठोके पडले, आणि पाठोपाठ तो आवाज आला. तीस वर्षं संध्याकाळच्या रेडिओ बातम्या वाचलेला. फाटला होता, पण ओळखू येण्याइतका शिल्लक होता.

"ठमे! फळ्यांचं छत आहे, मला सगळं ऐकू येतं. त्या चित्रगुप्ताला वर पाठव. माझ्याबद्दल काय छापणार, ते मला बघायचंय."

माडीवर औषधांचा वास होता आणि एका खिडकीएवढा करडा उजेड. चित्रगुप्ताने लॅपटॉप बाबांपुढे धरला, ठमीने टॉर्च. बाबांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि स्वतःचा मृत्युलेख बातमीसारखा वाचायला घेतला.

"'भारदस्त आवाजाचे धनी...' भारदस्त काढा. मेल्यावर सगळ्यांचाच असतो. 'दीर्घ आजाराने...' दीर्घ कशाला? मला अजून कंटाळा आलेला नाही."

ठमीला रडायचं होतं, हसू आलं. टॉर्च हलला.

"उजेड नीट धर. 'त्यांच्या पश्चात एक मुलगी आहे.'" बाबा थांबले. तेच वाक्य पुन्हा वाचलं, हळू. "लंगडं आहे. कानाला फार एकटं लागतं. मुलगी काय करते, कशी आहे... काही नाही. चौकशी अपुरी आहे तुमची."

"मंगळवारपासून तीच करतोय," चित्रगुप्त खाली मान घालून म्हणाला.

"निष्पन्न काय?"

"स्क्रू निघाले त्याच क्रमाने मांडते. हसण्याआधी छताकडे बघते, वर कुणी झोपलंय म्हणून. आणि..." त्याने मान वर केली. "लॅपटॉप पूर्ण बरा झाला, तरी मला रोज इथे यायला आवडेल."

"हे पाल्हाळ झालं. छापण्याजोगं सांगा."

चित्रगुप्ताने लॅपटॉप गुडघ्यावर घेतला. टॉर्चच्या उजेडात त्याने 'एक' आणि 'आहे' खोडलं. 'मुलगी' ठेवलं, पुढे 'व' टाइप केला, आणि त्याची बोटं थांबली.

"पुढचा शब्द विचारल्याशिवाय लिहिता येणार नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "खात्री न केलेली माहिती मी छापत नाही."

बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. बाबा भिंतीकडे बघत होते. निवेदकाला कुठे थांबायचं ते कळतं. तिने आधी छताकडे पाहिलं... जुनी सवय. आता वर कुणीच नव्हतं. बाबा समोर होते, आणि तोही.

"लिहून ठेवा," ती म्हणाली. "पण छापायची घाई नको."

त्याने वाक्य पुरं केलं. बाबांनी ते मोठ्यांदा वाचलं. "'त्यांच्या पश्चात मुलगी व जावई असा परिवार आहे.' हां. आता ठेका बसला." आणि पाणी मागितलं. काठी न वाजवता.

बाबांनी पावसाळा काढला, आणि वर एकेचाळीस दिवस. विवाह नोंदणी कार्यालयाची तारीख मिळाली होती. त्या तारखेला नऊ दिवस उरले असताना, पहाटे, ते गेले.

मृत्युलेख तिसऱ्या पानावर आला. भारदस्त नव्हतं, दीर्घ नव्हतं. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं होतं. बारा वर्षांच्या नोकरीत चित्रगुप्ताने जाणूनबुजून छापलेली ती पहिली चुकीची माहिती. एकाही वाचकाची तक्रार आली नाही.

नवव्या दिवशी, अवेळी आलेल्या रिपरिपीत, दोघं एका छत्रीतून गेली आणि ती माहिती खरी करून आली.