आईचं नाव सांगा

आमच्या तांता शहरात पुरुषमाणूस चारचौघांत आपल्या आईचं नाव घेत नाही. वर्षानुवर्षांच्या मित्रालाही मित्राच्या आईचं नाव ठाऊक नसतं. म्हणूनच हप्त्यांवर माल देणाऱ्या आमच्या कंपनीने फोनवर ओळख पटवायला नेमका तोच प्रश्न निवडला होता. ओळखपत्राची झेरॉक्स कुणीही पळवतं, जन्मतारीख कुणालाही कळते. आईचं नाव मात्र घरच्यांच्या पोटात राहतं. फोनवरसुद्धा लोक ते तोंडावर हात धरून सांगतात.

मी तक्रारींच्या टेबलावर बसतो. कुणाच्या नावावर भलत्यानेच माल उचलला असेल, तर शोध घेऊन त्या माणसाला सोडवायचं, हे माझं काम. शेजारच्या टेबलावरचा रऊफ म्हणायचा, "वग्दी, अख्ख्या शहराच्या आया आपल्या कुलपात आहेत. करणीला आईचंच नाव लागतं; एखाद्या करणीवाल्याला ही नावं विकली तर दोघांचंही भलं होईल."

इन्शिराहमावशी आली, तेव्हा तिच्या काळ्या पायघोळ जलाबियाला पांढरे दोरे चिकटलेले होते. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यातून ती तशीच निघून आली होती. हातात आमचीच नोटीस. तिच्या नावावर फ्रीज, शेगडी आणि कपडे धुण्याचं मशीन गेलं होतं. हप्ता एकही आलेला नव्हता. पुढची पायरी पोलिसांची.

"मावशी, बसा. चहा सांगतो."

"चहा नको, साहेब. आता तुरुंगातलाच प्यायचाय." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "माझा फ्रीज माझ्या लग्नातला. त्याचं दार दोरीने बांधते. नवा आणला असता तर गल्लीभर मिरवलं नसतं का?"

"घरात आणखी कोण आहे?"

"मी आणि मांजर. मांजराने घेतला असेल तर त्याला धरा." मग तिचा आवाज उतरला. "आमच्या गल्लीतली एक बाई मुलीच्या संसाराच्या सामानाच्या कर्जापायी आत गेली. तिने निदान मुलीला नांदायला तरी पाठवलं. मी कुणासाठी जाऊ?"

मी तिला शब्द दिला. असे शब्द मी सहसा देत नाही.

आधी माल पोचवणाऱ्याला फोन लावला. त्याला सगळं आठवत होतं. "इमारतीचा सगळ्यात वरचा मजला. चढवताना कंबर मोडली, साहेब. नवरीच होती तिथे. मेंदीचे ओले हात पुढे धरून, काय कुठे ठेवायचं ते सांगत होती. लाजत नव्हती अजिबात. मी म्हटलं, नवरा नशीबवान."

पत्ता मावशीच्याच इमारतीचा होता. वरच्या मजल्यावर कोण राहतं, असं मी तिला फोन करून विचारलं. "कुणी नाही," ती म्हणाली. "तो अर्धवट बांधलेला आहे."

तेव्हा मला वाटलं, सापडला चोर. झेरॉक्स मिळवायची, रिकाम्या मजल्यावर माल उतरवून घ्यायचा, आणि मावशी कारखान्यात असताना तो हलवायचा. असं मी पूर्वीही पाहिलं होतं.

मग खरेदीच्या वेळच्या फोनचं रेकॉर्डिंग काढलं. आवाज मावशीचाच होता. तीच किंचित घोगरी किनार, वाक्य संपताना तोच छोटा श्वास. ओळखपत्राचा नंबर बरोबर, जन्मतारीख बरोबर. मग आमच्या माणसाने विचारलं, "आईचं नाव सांगा."

मागे कुठलाही आवाज नाही. पंखा नाही, रस्ता नाही. मग स्पष्ट, धडा म्हणून दाखवावा तसं उत्तर आलं.

"इन्शिराह."

मी खुर्चीत मागे टेकलो. नोंदीत मावशीच्या आईचं नाव नफूसा होतं. आमच्या माणसाला समोर 'इन्शिराह' लिहिलेलं दिसलं, आणि ते ग्राहकाचं नाव आहे हे न बघता त्याने बरोबरची खूण केली. चूक आमची. मावशी सुटली होती.

आनंदाने तिला बोलावून घेतलं. कागदावर सही करण्याआधी खात्री पटावी म्हणून रेकॉर्डिंग ऐकवलं.

तिने कान स्पीकरजवळ नेला.

"परत लावा."

परत लावलं.

"ही मी नाही," ती म्हणाली.

"तेच तर सांगतोय, मावशी."

"शुरूक आहे. माझी मुलगी." तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "आमचा आवाज एकच. होणारा जावई एकदा फोनवर मला माझी राणी, माझं पाखरू म्हणत राहिला. मी त्याला बोलू दिलं. शुरूक इतकी हसली होती."

"कुठे असते ती?"

"मागच्या उन्हाळ्यात गेली. मेंदीच्या दिवशी ताप चढला."

रऊफ उठून बाहेर गेला.

"कबरीपाशी शेख मबरूक होते," ती म्हणाली.

शेख मबरूकांचं भक्तिगायन ऐकायला मी दर गुरुवारी जातो. मयताला निरोप देताना ते कसे गातात, मला माहीत आहे. रडवत नाहीत. परीक्षेला निघालेल्या लेकराला बापाने समजवावं, तसं गातात: कबरीत प्रश्न विचारणारे फरिश्ते येतील, भिऊ नकोस, विचारलं तसं नीट उत्तर दे. आणि तिथे माणसाला हाक मारतात ती त्याच्या आईच्या नावाने.

"शुरूक, इन्शिराहच्या मुली," मावशी पुटपुटली. "तसंच सांगितलं तिने, साहेब. भ्यायली नाही."

मग तिने कागद माझ्याकडे सरकवला.

"तक्रार मागे घेते. सामान मीच घेतलं असं लिहा."

"मावशी, हप्ते चुकले तर आत जाल."

"मी शिवते ना. फेडीन."

मी ऐकलं नाही. कुणीतरी तिच्या दुःखाचा फायदा घेत होतं, आणि ते मला सिद्ध करायचं होतं. शुक्रवारच्या नमाजानंतर मी तिच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरातून भरलेल्या कोबीचं पातेलं घेऊन निघाली आणि मला घेऊन जिना चढू लागली.

वरचा मजला उघड्या विटांचा होता. छपरातून गज निघालेले. खिडक्यांच्या जागी भोकं, आणि जमिनीवर सिमेंटची जाड धूळ. सामान नव्हतं. मावशीच्या चपलांखेरीज कुणाची पावलंही नव्हती. ओल्या मेंदीचा वास मात्र येत होता.

"बघा," मी म्हणालो. "काही नाही इथे."

मग मला घरघर ऐकू आली. बारीक, अखंड. त्या मजल्यावर वीजच नव्हती.

कोपऱ्यातल्या धुळीत चार ठसे होते. छोटे, चौकोनी, खोल दबलेले.

मावशी तिथे गेली. हवेत हात घालून तिने काहीतरी आपल्याकडे ओढलं. माझ्या पायांवरून गार झोत गेला. ती वाकली, पातेलं आत सरकवलं, आणि हात मागे घेतले.

हात रिकामे होते.

"कोबी आवडतो तिला," ती म्हणाली. "चला."

आम्ही बाहेर पडलो. जिन्याच्या वळणावर मावशी थांबली आणि रोजच्यासारखी वर तोंड करून म्हणाली, "आतून कडी लाव गं."

वर नुसती विटांची मोकळी चौकट होती. दार अजून बसवलेलंच नव्हतं. ती वळून उतरू लागली, आणि माझ्या पाठीमागे कडी लागली.