एक स्टॉप कमी

वहिनी सव्वीस वर्षं आमच्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसली, पण तिचा एकही फोटो निघाला नव्हता. गिऱ्हाईक यायच्या आधी फ्लॅशचा उजेड जुळवायला दादा तिला बसवायचा, तिच्या हनुवटीशी उजेड मोजायचं मीटर धरायचा आणि आकडा मला ओरडून सांगायचा. कॅमेऱ्यात रोल नसायचाच. "फोटोग्राफरची बायको, आणि एक धड फोटो नाही," असं ती हसून म्हणायची.

माझ्याहून वीतभर उंच असलेला दादा मोजताना हमखास दिव्याच्या आड यायचा. त्याची सावली मीटरवर पडायची आणि उजेड एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच दिसायचा. मी कॅमेऱ्यावर गुपचूप दुरुस्ती करायचो. मोठ्या भावाची चूक काय काढायची! कधीतरी हसत हसत सांगू, असं म्हणता म्हणता तो दोन महिन्यांपूर्वी गेला.

स्टुडिओ विकला. वहिनी मुलीकडे कायमची निघाली. निघायच्या आदल्या दुपारी ती आली आणि स्टुलाची धूळ पदराने पुसली.

"भावजी, आता तरी रोल घाला."

एकच रोल उरला होता, बारा फोटोंचा. दिव्याला उजेड पसरवणारी छत्री लावली, फ्लॅश उडवला आणि रिकाम्या स्टुलावर मोजलं. आठ. वहिनी बसल्यावर तिच्या हनुवटीशी पुन्हा मोजलं. पाच पॉइंट सहा. कॅमेऱ्याच्या आकड्यांत आठाच्या निम्मा उजेड म्हणजे पाच पॉइंट सहा; बरोबर एक स्टॉप कमी.

मी बाजूला सरकून मोजलं. फ्लॅश पुरता चार्ज होऊ दिला. मीटरची बॅटरी बदलली. वहिनी उठली की आठ, बसली की पाच पॉइंट सहा.

"मीटर म्हातारं झालंय," मी म्हणालो.

"असू दे. ते दाखवतंय तसंच काढा." ती दिव्याकडे बघत होती.

मीटर चुकत असेल तर तिचा चेहरा पांढराफटक येणार होता, आणि पुन्हा काढायला रोल नव्हता. इतकी वर्षं मी हाच आकडा दुरुस्त करत आलो होतो. त्या दिवशी हात धजावला नाही. कॅमेरा पाच पॉइंट सहावरच ठेवला.

अकरा फोटो काढले.

"झालं ना?" वहिनीने हळूच विचारलं.

"एक राहिलाय. हलू नकोस."

बारावा काढला.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून आलो आणि रोल धुतला. अकराही फोटो अचूक होते. म्हणजे तिच्या चेहऱ्यावर खरोखरच निम्मा उजेड पडत होता.

बारावा एक स्टॉप जास्त उजळला होता. दिव्यापुढे आता कोणी नव्हतं.

वहिनीची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. ती माझ्या शेजारी बघत होती, माझ्या डोक्याच्या वीतभर वर.

मला रडू आवरेना. दादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता, आणि मी मान खाली घालून रोल गुंडाळत होतो.