गाळणं वाळत नाही

भरतेश रोज सकाळी सहाला पाणी आणायला बाहेर पडायचा. सांगलीत नळाला पाणी येत नाही म्हणून नव्हे. येतं, धो धो येतं. पण त्याच्या बायकोचा, शालनचा, चातुर्मासाचा नेम. चार महिने पाणी प्यायचं ते विहिरीचं, आणि तेही गाळलेलं. सव्वीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. गावभागातल्या निम्म्या विहिरी पुरानं नासल्या, उरलेल्यांवर लोकांनी स्लॅब टाकून गाड्या लावल्या. म्हणून म्हातारा स्कूटरवर कॅन बांधून हरिपूरच्या रस्त्यानं जायचा. तिथं चिंचांच्या पुढं एक जुनी विहीर अजून चांगली होती.

ज्याच्या घरात ही रीत नाही त्याला नीट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाणी काढायचं, दुहेरी कापडातून गाळायचं. त्या कापडाला गाळणं म्हणतात. गाळण्यावर जे राहिलं ते डोळ्याला दिसो न दिसो, जीवच. ते थोड्या पाण्यानं खळबळून गडूत घ्यायचं. ही जिवाणी. ती ज्या विहिरीतली, त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही, जीव आपटतात. गडू दोरीनं हळूहळू खाली सोडायचा, पाण्याला टेकला की जरा हिसका द्यायचा, मग तो कलंडतो.

दुसऱ्या विहिरीत सोडली तर काय होतं, असं भरतेशनं नेमाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"तुमाला उचलून जतच्या माळावर नेऊन ठिवलं तर चालंल का?" शालन म्हणाली होती. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

भरतेशनं पस्तीस वर्षं ट्रक हाकला. शाळा चौथीपर्यंत, तीही मार खाऊन. उभ्या आयुष्यात त्यानं झाडं बघितली ती मागं पळणारी. आता त्र्याहत्तराव्या वर्षी, कोजागिरी झाल्यावरच्या त्या दिवसांत, त्याला ती जागच्या जागी उभी दिसायला लागली. कृष्णेवर पहाटे धुकं असायचं, पुलाचे खांब कमरेएवढे त्यात बुडालेले. धोबी पाखरं आली होती, शेपटी वरखाली करत कठड्यावर चालायची. चिंचेला बोटाएवढे हिरवे आकडे. सूर्य वर आला की दहा मिनिटांत सगळं धुकं जायचं आणि ऊन असं पडायचं की डोकं तापावं. तो विहिरीवर विडी ओढत बसायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "आयला, हे सगळं फुकटात हुतं व्हय?" घरी मात्र बोलायचा नाही. घरी त्याचं एकच पालुपद, तुझ्या नेमापायी माझी कंबर मोडली. मनातून त्याला ह्या बाईचं लय कौतुक होतं. ते तोंडातून निघायचं नाही, एवढंच.

त्या शुक्रवारी हरिपूरच्या विहिरीत मोटर काढायला माणसं उतरली होती. पाणी गढूळ, चहासारखं. भरतेशला नाहीतरी कुंडलला सोयऱ्यांकडं जायचं होतं. येताना बघू, म्हणून तो रिकामे कॅन घेऊनच गेला.

परतताना बारा वाजले होते. रस्ता सोडून उसातून एक पाऊलवाट आत जात होती आणि तिच्या टोकाला त्याला विहीर दिसली. दगडी, गोल, बाजूला पायऱ्या. वाकून बघितलं तर तळाचा खडा न् खडा दिसत होता. एवढं निवळशंख पाणी त्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं. उसाला तुरे फुटायला लागलेले, वारा नाही, पाखरू नाही. भर दुपारी विहिरीतून गारवा वर येत होता, आणि ओल्या केसांचा यावा तसा वास. भरतेश बराच वेळ नुसता बघत राहिला. मग कॅन भरला.

चूक तिथं झाली. गाळणं डिकीत होतं, गडूही होता. पण ऊन मरणाचं, पुढं चाळीस किलोमीटर जायचं. घरी गाळू म्हटलं, आणि निघाला.

घरी मागच्या दारी गाळलं. गडूत अर्धा गडू जिवाणी निघाली.

"आता ही कुठं सोडनार?" शालननं विचारलं.

"जाऊन सोडतो की. किती किरकिर करती."

अर्ध्या गडूसाठी परत चाळीस किलोमीटर कोण जातो? तो हरिपूरच्या विहिरीवर गेला. जपून, हळू, दोरीनं सोडली. रीत सगळी पाळली, विहीर तेवढी दुसरी. घरी येऊन म्हणाला, "सोडली."

शालननं गाळणं तारेवर टाकलं.

संध्याकाळी ते ओलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, तासात सांडगे वाळतात. दुसऱ्या दिवशी दुपारीही ओलं. पिळलं तरी ओलं. टोकाशी थेंब जमायचा, टप् करून फरशीवर पडायचा, मग परत जमायचा.

त्या दुपारी भरतेश माजघरात आडवा झाला होता. डोळा लागत होता, तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. बारीक, पोरीचा.

"बायडीला कुठं ठिवलं?..."

शेजारचा टीव्ही असंल, म्हणून तो कुशीवर वळला.

"आवं... बायडीला कुठं ठिवलं?..."

तो उठून बाहेर आला. कोणी नव्हतं. तारेखाली थेंबांचं थारोळं झालं होतं. त्यातून ओली पावलं निघून उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथून मागं वळली होती. आठ-नऊ वर्षांच्या पोरीची असावीत एवढी. त्यानं घाईनं पायपुसण्यानं पुसली. वळला, तर शालन दारात उभी.

"जिवाणी कुठं सोडलीसा?"

"विहिरीत."

"कुठल्या?"

भरतेशनं पायपुसणं झटकलं. उगीचच.

शालन रागावली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आत गेली, तिच्या पाण्याच्या तांब्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "त्या गाळण्यावर कोन तरी हाय. ते घरला गेल्याबिगार मी पानी पिनार न्हाई."

"अगं, साखर हाय तुला! ह्या उन्हात..."

"मग लवकर जावा."

लवकर जावा म्हणे! भरतेशला राग आला आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम आलं की तो काहीच करत नसे. त्यानं काही केलं नाही. रात्र गेली. सकाळी शालनचे ओठ फुटले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती. शेजारची अपेक्षा दवाखान्यात नर्स होती. तिनं नाडी बघितली आणि भरतेशला बाजूला घेतलं.

"आण्णा, सलाईन लावायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर काय खरं नाही."

"घेती का ती?"

"हात लावू देत नाही. म्हणते, त्यांना जाऊन या म्हणावं."

मग म्हाताऱ्यानं ओलं गाळणं डब्यात घातलं, गडू आणि दोरी घेतली आणि स्कूटरला किक मारली.

पोचेपर्यंत परत बारा वाजले. विहिरीच्या पायरीवर एक माणूस बसला होता. पासष्टीचा, ताठ, मिश्या कातरलेल्या. पलटणीत असल्याचं सांगायला लागत नव्हतं. विहीर त्याचीच होती. नाव नाथाजी.

"परवा तुमीच पानी न्हेलं न्हवं?" त्यानं बसल्या बसल्या विचारलं.

"व्हय. चुकलं."

"पानी न्हेल्याचं काय न्हाई वो. परत काय सोडलं न्हाईसा."

भरतेशनं विचारलं, "तुमच्यात बी जिवाणी सोडत्यात?"

"नाव-बीव ठावं न्हाई. आमची आई सांगायची, ह्यातनं घागर काढली की चूळभर परत सोडायचं. आनि जपून, आपटायचं न्हाई." नाथाजीनं पाण्याकडं हनुवटी केली. "माज्या थोरल्या भनी हाईत ह्यात. मी आईच्या पोटात हुतो तवा गेल्या. धाकलीचा पाय घसारला. थोरलीनं हात दिला. धाकलीनं त्यो धरला, आनि सोडलाच न्हाई. तसंच काढलं म्हनं दोघींस्नी... हातात हात."

उसात कुठं पान हललं नाही. भरतेशनं डबा उघडला. त्याच विहिरीचं पाणी काढून गाळणं खळबळलं, गडूत घेतलं, दोरी सोडायला लागला. गडू पाण्यापासून अजून दोन हात वर असेल, तेवढ्यात त्याचं वजन गेलं. लेकीनं दारात येऊन बापाच्या हातातली पिशवी घ्यावी, तसं कोणीतरी ते खालून घेतलं. दोरी सैल पडली. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही.

वर ओढला तर गडू रिकामा. आणि डाव्या हातातलं गाळणं त्याच्या डोळ्यांदेखत वाळत गेलं, खळ घातल्यासारखं कडक झालं.

"आली," नाथाजी हळूच म्हणाला. मग थोडा वेळ कान देऊन बसला. "एकच आली."

"म्हंजे?"

"थोरली आक्का आली. धाकली बायडी कुठं हाय?"

हेच नाव भरतेशनं घरी मागच्या दारातून ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी अर्धा गडू त्यानं हरिपूरला सोडला होता.

सांगलीत तो ऊन उतरताना पोचला. आधी हरिपूरच्या विहिरीवर गेला. पाणी निवळलं होतं. ते काढलं, तिथंच गाळलं, तिथंच जिवाणी सोडली, आणि सूर्य बुडायच्या आत शालनच्या ओठाला तांब्या लावला. ती घटाघट प्याली. डोळे मिटून म्हणाली, "गेलं न्हवं घरला?"

"गेलं," भरतेश म्हणाला. अर्धं खोटं होतं. पण त्यानं ठरवलं होतं, उद्यापासून हरिपूरची विहीर गाळायची. रोज शंभर पोहरे काढायचे. ज्या दिवशी गाळणं वाळणार नाही, त्या दिवशी ते उचलून कुंडलला न्यायचं. विहीर उपसायची वेळ आली तरी चालेल. ही बाई पाण्यावाचून मरायला निघाली होती, कोणासाठी, तर जे दिसतही नाही त्याच्यासाठी. तिच्यापुढं आपण अगदीच हलके, असं त्याला वाटलं. ती झोपल्यावर तिच्या पायावरचं पांघरूण त्यानं नीट केलं. ती जागी असती तर केलं नसतं.

सकाळी धुकं दाट होतं. पुलाचे खांबही दिसत नव्हते. विहिरीवर त्यानं शालनपुरता कॅन आधी भरून, गाळून घेतला, जिवाणी सोडली, कॅन स्कूटरच्या मागं बांधला. शंभर पोहऱ्यांसाठी परत वळला, आणि तिथंच थांबला.

कठड्यावर ओलं पाऊल होतं. घरच्या मागच्या दारातल्या पावलांपेक्षा लहान. चार-पाच वर्षांचं पोर असेल. दुसरं कठड्याखाली. मग मातीत तिसरं, चौथं. विहिरीतून बाहेर येणारी सगळी. ती त्याच्या स्कूटरपाशी आली होती. पुढं, पाय ठेवायच्या जागेवर, जिथं लहान पोरांना उभं करतात तिथं, पाणी साचलं होतं.

भरतेश पळाला नाही. हळूच स्कूटरवर बसला, गुडघे रुंद केले.

"चल बाई," तो म्हणाला. "आक्काकडं जायाचं."

उभ्या आयुष्यात गाडी त्यानं एवढी हळू कधी चालवली नव्हती. स्पीड ब्रेकर आला की त्याच्या गुडघ्याला काहीतरी गार, इवलंसं धरायचं. मागचे हॉर्न वाजवत होते, एकानं शिवी दिली. भरतेशनं उलट दिली नाही.

वाटेत घर. शालन पाण्याची वाट बघत असणार. तो दारात थांबला, कॅन सोडला. शालन आता उठून बसलेली, तोंडावर जरा टवटवी आलेली. "कुठं निघालासा परत?"

"कुंडलला. राहिलंय थोडं. येऊन सांगतो."

तिनं दोन्ही हातांनी कॅन उचलून उंबऱ्याच्या आत घेतला. भरतेशच्या गुडघ्याचा गारवा त्याच वेळी कमी झाला. ऊन चढतंय, त्यानं मनाशी म्हटलं.

कुंडलच्या विहिरीवर नाथाजी उभाच होता. भरतेश हसत उतरला. "आनली बघा बायडीला."

नाथाजीनं स्कूटरकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

पाय ठेवायची जागा वाळली होती. वरची धूळसुद्धा कोरडी. आणि विहिरीतून, अगदी तळातून, कोणीतरी हाक मारत होतं. "बायडे... ए बायडे..."

भरतेशनं फोन काढला. तीन वेळा लावला तेव्हा शालननं उचलला. पलीकडं टप्, टप् असं काहीतरी ठिबकत होतं.

"आवं, ही कुनाची पोरगी दारात सोडून गेलासा?" शालनचा आवाज हसरा होता. "भिजून चिंब झालीया. बोलत काय न्हाई, नुसता माजा हात धरलाय... सोडंनाच झालीया बगा. तांब्याकडं बघतीया सारखी. हिला पानी गाळून देऊ, का तसंच?"