सात फेऱ्यांचा लूप

“सोमवारी दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही हं, शरू. हात चालू दे, तोंड नको,” आई सांगायची. ती गेल्यावरही मी ते मौन पाळत आले.

नीलकंठ पाटणकर आमच्या काशीतल्या ऑफिसात आला तो नेमका सोमवारी. कुठे बसू, विचारलं. मी खुर्ची दाखवली. पाणी कुठे, तर मी बोट केलं. शेवटी हळूच म्हणाला, “नाराज हैं क्या?”

मी स्क्रीनवर टाइप केलं – ‘मौन आहे. सोमवार.’

ते मराठी वाचून त्याचा चेहरा असा उजळला... “म्हणजे आपल्यातल्याच की तुम्ही.”

आम्ही लिंटरवर काम करायचो. लिंटर म्हणजे दुसऱ्यांचा कोड वाचून त्यातल्या चुकांवर बोट ठेवणारा प्रोग्रॅम. लूपचे, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडचे, नियम तो लिहायचा. मी मुद्दाम बिघडवलेले लूप लिहून ते पकडले जातात का, बघायचे. यादीवरून फिरता फिरता तीच यादी पुसणारे, एक घर जास्त जाणारे, कधीच न थांबणारे. जाणूनबुजून चुकीचं लिहायचं माझ्या अगदी जिवावर यायचं, म्हणून तेही मी समास सोडून, नीटनेटकं लिहायचे. तो हसायचा – “शरदिनीबाई, तुमच्या चुकासुद्धा सोवळ्यातल्या.” मग मीही ऐकवायचे, की तुमच्या नियमांना आधी चष्मा लावा.

वर्ष असंच गेलं. खिडकीखाली मुन्शी घाट, टेबलावर चहाचं कुल्हड. ते माझ्या हाताशी ठेवून हात मागे घ्यायला तो क्षणभर जास्तच लावायचा...

मग त्याची पुण्याला बदली झाली. दोन वर्षं. जायचा दिवस सोमवार, गाडी संध्याकाळची. तो काही विचारेल म्हणून मी आठवडाभर थांबले होते. घरी बाबांनी एका स्थळाचा विषय दोनदा काढला होता. हा न विचारताच गेला तर – त्या ‘तर’च्या पुढे मला जाताच येत नव्हतं.

दुपारी त्याची शेवटची चाचणी आली. लूपचं नाव ‘फेरे’. एकपासून सातपर्यंत. आत एकच ओळ – ‘शरदिनीसोबत’. आकडा पुढे सरकवायला तो विसरला होता... की मुद्दाम? लिंटरने खाली इशारा दिला होता : हा लूप कधीच संपणार नाही.

तो माझ्या खुर्चीमागे उभा. “इशारा बरोबर की चूक, तेवढंच सांगा.” आवाज नेहमीचा नव्हता.

बोटं थबकली. लिहून उत्तर देणं हे काम, की बोलणं? मनात देवाची क्षमा मागितली आणि लिहिलं, ‘इशारा बरोबर. पण एक चूक लिंटरला दिसली नाही.’

“कुठली?”

‘आपल्यात फेरे नसतात. सप्तपदी असते. सात पावलं, बरोबरीने.’

तो कानापर्यंत लाल झाला. जन्म काशीतला, लग्नं सगळी इथल्या हिंदी मित्रांची पाहिलेली. “म्हणजे... चुकला तो फक्त शब्द?”

‘फक्त शब्द.’

मग तो म्हणाला, “तुमच्या बाबांना आजच विचारतो. गाडीच्या आधी. वचन.”

बाबा चारनंतर संकठादेवीच्या देवळात पोथीला बसतात, त्याआधी देवळामागच्या आमच्या घरीच गाठा, असं मी लिहिलं. त्याने घड्याळ पाहिलं. बॅग माझ्या टेबलाखाली सरकवली, केस हातानेच सारखे केले आणि कुणाला न सांगता जिना उतरला.

खाली नाववाल्यांनी त्याला हाका मारल्या. त्याने नुसती मान हलवली आणि संकठा घाटाकडे चालू लागला.